बांधकामाच्या साइटवरील तात्पुरते कार्यालय पर्यावरणस्नेही कसे करावे

बांधकाम सुरू होण्याआधी साइटवर जी पहिली वस्तू उतरते ती बहुधा कार्यालयाची केबिन असते, आणि तिच्याविषयीचे निर्णय सर्वांत घाईत घेतले जातात. इमारतीच्या आराखड्यावर महिनोन्महिने चर्चा होते, तिच्या भिंती, काचा आणि वातानुकूलन यांची गणिते मांडली जातात. पण त्या इमारतीचे काम ज्या खोलीत बसून चालवले जाते ती मात्र नुसत्या पत्र्याची, सांध्यांतून वारा येणारी आणि रात्रंदिवस डिझेल जनरेटरवर चालणारी असते. काही महिन्यांचाच तर प्रश्न आहे, हे त्याचे नेहमीचे समर्थन. ते दोन कारणांनी टिकत नाही. मोठ्या कामांवर हे काही महिने सहज दोन-तीन वर्षे होतात, हे पहिले कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. साइटवरचा मुक्काम संपला तरी केबिनचे आयुष्य संपत नाही; नीट बांधलेली केबिन अनेक वर्षे एका कामावरून दुसऱ्या कामावर जात राहते आणि तिच्यातील प्रत्येक दोषही तिच्याबरोबर जातो. म्हणून या कार्यालयाकडे एका प्रकल्पाचा किरकोळ खर्च म्हणून न पाहता, अनेक प्रकल्पांना पुरणारी फिरती इमारत म्हणून पाहावे. पुढे सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांचा निर्णय केबिन मागवण्याच्या आधीच घ्यावा लागतो. ती जागेवर आल्यानंतर फक्त दिवे बंद करण्याच्या सूचना भिंतीवर लावणे तेवढे हाती उरते.

केबिन मागवण्यापूर्वी

सर्वांत कमी प्रदूषण करणारी केबिन म्हणजे जी आणावीच लागत नाही ती. जागेवर किंवा शेजारी एखादी जुनी इमारत रिकामी असेल, तर ती भाड्याने घेऊन किंवा पाडण्याचा टप्पा पुढे ढकलून तिथे कार्यालय थाटता येते का, हे आधी तपासावे. उंच इमारतीच्या कामात तळमजला किंवा वाहनतळाचा मजला लवकर तयार होतो. कामाच्या उत्तरार्धात कार्यालय तिथे हलवण्याची योजना सुरुवातीच्या वेळापत्रकातच घातली, तर केबिन लवकर मोकळ्या होतात आणि पुढच्या कामाला मिळतात. मात्र अशा मजल्यावर काम चालू असताना बसायचे असेल, तर बाहेर पडण्याचे दोन मार्ग, डोक्यावरील कामापासून संरक्षण आणि धुळीपासून आडोसा या तीन गोष्टींची व्यवस्था आधी व्हायला हवी.

त्यानंतर प्रश्न येतो संख्येचा. मुख्य कंत्राटदार, सल्लागार, वीजकाम, नळकाम, लिफ्ट यांपैकी प्रत्येकाने आपापली केबिन आणली की प्रत्येकीत वेगळा एसी, वेगळा प्रिंटर आणि अर्ध्याहून अधिक वेळ रिकामी खुर्ची असते. एकाच सामायिक कार्यालयात सर्वांना जागा देणे, बैठकीची खोली वेळ ठरवून वापरणे आणि माणसांची संख्या कामाच्या टप्प्यानुसार बदलते हे लक्षात घेऊन केबिन टप्प्याटप्प्याने मागवणे, एवढ्यानेच वीज, जागा आणि वाहतूक तिन्ही वाचतात. केबिन एकावर एक रचल्या, तर खालच्या केबिनचे छत उन्हापासून झाकले जाते आणि जमीनही कमी अडते.

नवी की जुनी, पत्रा की पॅनेल

केबिनसाठी वापरला जाणारा वीस फुटी मालवाहू कंटेनर ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असतो व रिकाम्याचे वजन साधारण २.३ टन भरते. जगभराची सरासरी पाहिली तर एक टन पोलाद तयार होताना सुमारे १.९ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; म्हणजे अशा एका कंटेनरच्या पोलादामागे चार टनांहून अधिक उत्सर्जन आधीच झालेले असते. ते पुन्हा होऊ नये म्हणून वापरलेली केबिन दुरुस्त करून घेणे किंवा भाड्याने आणणे हा पहिला पर्याय ठेवावा. विटा, सिमेंट आणि प्लास्टर वापरून तात्पुरते कार्यालय बांधण्याची पद्धत, ती वास्तू पुढे कायम वापरात येणार नसेल तर, सोडून द्यावी, कारण काम संपल्यावर तिचा राडारोडाच होतो.

जुना कंटेनर घेताना एक खबरदारी आवश्यक आहे. मालवाहू कंटेनरच्या लाकडी तळाला कीड लागू नये म्हणून कीटकनाशक मारलेले असते आणि आतल्या मालाचे सांडलेले अवशेष त्यात मुरलेले असू शकतात. माणसे दिवसभर बसणार असतील, तर तो तळ बदलावा किंवा वर पूर्ण सीलबंद थर द्यावा. मूळ रंगात शिसे नाही याची खात्री झाल्याशिवाय तो खरवडू नये.

केबिनच्या भिंती कशाच्या आहेत यावर तिचा विजेचा खर्च ठरतो, आणि ही बाब इतकी मोठी आहे की तिचे गणित एकदा तरी मांडून पाहावे. वीस फुटी केबिनच्या भिंती आणि छत मिळून सुमारे ५९ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. नुसत्या पत्र्यातून, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला ५ ते ६ वॉट उष्णता वाहते. बाहेर आतल्यापेक्षा १० अंश अधिक असतील, तर ही उष्णता तीन किलोवॉटच्या पुढे जाते. त्याच केबिनला ५० मिलिमीटर जाडीचे पॉलियुरेथेन फोमचे सँडविच पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली भिंत, असेल, तर हा आकडा दर चौरस मीटरला अर्ध्या वॉटच्या आत येतो आणि एकूण उष्णता कागदावर तीनशे वॉटच्याही खाली उतरते. प्रत्यक्षात पोलादी खांब आणि सांध्यांमधून उष्णता शिरत असल्याने आकडा याहून वाढतो, आणि उन्हात तापलेला पत्रा हवेपेक्षा कितीतरी गरम होत असल्याने उन्हाळ्यातील खरा फरक आणखी मोठा असतो. थंड हवामानात हेच गणित उलट्या दिशेने लागू होते. जो पैसा मोठ्या एसीवर आणि मोठ्या जनरेटरवर जाणार, तो भिंतीच्या जाडीवर घालावा, असे माझे ठाम मत आहे. भिंतीला देखभाल नाही, इंधन नाही आणि ती दर साइटवर तेवढेच काम करते.

उष्णतारोधक निवडताना आगीचा विचार बाजूला ठेवू नये. पॉलियुरेथेन कमी जाडीत उत्तम काम करते, पण पेटल्यावर त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. खनिज लोकर, म्हणजे वितळवलेल्या दगडाच्या तंतूंचा थर, त्याच परिणामासाठी जवळजवळ दीडपट जाड लागते, मात्र ती जळत नाही. केबिन एकमेकींना चिकटून किंवा एकावर एक असतील, तर मी खनिज लोकरीच्या बाजूने कौल देईन आणि जाडीमुळे जाणारी थोडी जागा सोसेन.

केबिन ताब्यात घेण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी. भर उन्हाच्या वेळी आत जाऊन दार-खिडक्या बंद कराव्यात, दिवे घालवावेत आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. दाराच्या खालच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून, केबल आत आणण्यासाठी पाडलेल्या आणि नंतर कोणी बुजवायला न धजलेल्या भोकातून उजेडाच्या रेषा दिसू लागतात. जिथून उजेड येतो तिथून हवा येते. त्या प्रत्येक जागी खडूने खूण करून, रबरी पट्टी किंवा सीलंट लावून मगच केबिन स्वीकारावी. दाराला आपोआप बंद होणारा क्लोजर हवाच. साइटवरच्या माणसांचे हात भरलेले असतात आणि दार उघडे राहणे हा त्यांचा दोष नव्हे.

थंड किंवा दमट हवामानात पत्र्याच्या आतल्या बाजूला पाणी धरते. माणसांच्या श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील वाफ उष्णतारोधकाच्या थरातून पलीकडे जाऊन थंड पत्र्यावर साचते, लोकर भिजते, बुरशी येते आणि भिंतीचा उपयोग निम्म्यावर येतो. यासाठी बाष्परोधक थर उबदार बाजूला द्यावा लागतो. हीटर वापरावा लागणाऱ्या प्रदेशात ती आतली बाजू आणि कायम दमट-उष्ण, एसी चालणाऱ्या प्रदेशात बाहेरची. केबिन एका हवामानातून दुसऱ्यात नेली जाणार असेल, तर दोन्ही बाजूंनी पत्रा असलेले, सांधे सीलबंद केलेले पॅनेल अधिक सुरक्षित ठरते.

कुठे आणि कशावर ठेवावी

केबिनच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण दिशांना तोंड करून असाव्यात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अरुंद बाजूंवरच पडते. पश्चिमेला खिडकी नको. असलीच तर बाहेरून झडप किंवा जाळी हवी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याने थोपत नाही. छताला पांढरा परावर्तक रंग द्यावा. असा नवा रंग सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग परत फेकतो, तर गडद छत तो जवळजवळ सगळा शोषते. रंगावर सिमेंटची धूळ बसली की हा फायदा घटतो, म्हणून छत धुण्याचे काम साफसफाईच्या वेळापत्रकात असावे. शक्य असेल तिथे छतावर हातभर अंतर सोडून दुसरे हलके छप्पर घालावे. मधून वारा खेळतो आणि त्याच सांगाड्यावर सौर पॅनेलही बसतात.

पायासाठी जागेवर काँक्रीट ओतू नये. पूर्वी वापरलेले काँक्रीटचे ठोकळे, लाकडी स्लीपर किंवा जमिनीत फिरवून बसवायचे पोलादी स्क्रू-पाइल यांवर केबिन चारही कोपऱ्यांत समतल बसते आणि जाताना ते सगळे उचलून नेता येते. मूळ झाडांच्या मुळांवर केबिन, रस्ता किंवा साहित्याचा ढीग येणार नाही अशी आखणी करावी आणि वरची सुपीक माती आधी बाजूला काढून झाकून ठेवावी.

वीज: इथेच सर्वांत मोठी बचत आहे

तात्पुरत्या कार्यालयाचा पर्यावरणावरील भार मोजायला बसले की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट बाकी सगळ्यांना झाकून टाकते, ती म्हणजे डिझेल जनरेटर. एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या लिटरमध्ये साधारण १० किलोवॉट-तास, म्हणजे १० युनिट ऊर्जा असते. पूर्ण भारावर चालणारा चांगला जनरेटर त्यातून तीन ते साडेतीन युनिट वीज देतो. भार कमी झाला की हे प्रमाण झपाट्याने ढासळते, कारण इंजिन नुसते फिरत ठेवायलाही इंधन लागतेच.

याचे सर्वांत ठळक उदाहरण रात्री दिसते. क्रेन, पंप आणि वेल्डिंग थांबलेले असते. चालू असतो पहारेकऱ्याच्या खोलीतील दिवा, चार कॅमेरे, इंटरनेटचा राउटर आणि एक फ्रिज. हा सगळा भार एक किलोवॉट धरू. त्यासाठी दिवसाच्या कामाकरता आणलेला मोठा जनरेटर तासाला तीन लिटर पीत असेल, तर बारा तासांत ३६ लिटर जातात आणि सुमारे ९६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हाती पडते फक्त १२ युनिट वीज, जी दिवसा पूर्ण भारावर चार लिटरमध्ये तयार झाली असती. अशा दीड महिन्याच्या रात्री मिळून एका नव्या कंटेनरच्या पोलादाइतके उत्सर्जन होते. शिवाय जनरेटर सतत ३० टक्क्यांहून कमी भारावर चालवला की न जळलेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा येतो.

यावरचे उपाय क्रमाने करावेत. पहिला उपाय कागदावरचा आहे: वीजपुरवठ्याच्या तात्पुरत्या जोडणीचा अर्ज जागा ताब्यात येण्याची वाट न पाहता, प्रकल्पाचा निर्णय झाल्याबरोबर करावा. जोडणी उशिरा मिळते म्हणून जनरेटर येतो आणि एकदा आलेला जनरेटर, जोडणी मिळाल्यावरही, सवयीने राहतो. इमारतीला पुढे लागणारी कायमची जोडणी आणि ट्रान्सफॉर्मर आधी बसवून तोच बांधकामासाठी वापरता आला, तर तात्पुरत्या तारांचा आणि खांबांचाही खर्च वाचतो.

जोडणी मिळेपर्यंत किंवा ती मिळणारच नसेल तिथे, जनरेटरसोबत बॅटरीचा संच जोडावा. दिवसा जनरेटर चांगल्या भारावर काही तास चालून बॅटरी भरतो आणि बंद होतो. रात्रीचा किरकोळ भार बॅटरी शांतपणे वाहते. वरच्या उदाहरणातील रात्रीसाठी १५ ते २० युनिट क्षमतेचा लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या बॅटरींचा संच पुरेसा आहे. शेजारी राहणाऱ्यांची झोप मोडत नाही, हा लाभ हिशेबात येत नसला तरी मला तो मोलाचा वाटतो. बॅटरीचा खर्च शक्य नसेल, तर निदान रात्रीसाठी वेगळा छोटा जनरेटर ठेवावा. जनरेटरची क्षमता ठरवताना सर्व यंत्रांच्या पाट्यांवरील आकड्यांची बेरीज करू नये. कोणती यंत्रे एकाच वेळी चालतात हे मुकादमांना विचारून भाराचा तासावार तक्ता करावा. अशा तक्त्यानंतर मागणी बहुधा कमी क्षमतेवर येते.

सौर पॅनेलचा विचार बॅटरीनंतर करावा, आधी नव्हे. वीस फुटी केबिनच्या १४.८ चौरस मीटर छतावर सहा पॅनेल बसतात आणि सुमारे अडीच किलोवॉट क्षमता मिळते. स्वच्छ उन्हाच्या प्रदेशात त्यातून दिवसाला दहा युनिटच्या आसपास वीज येते; चांगल्या भिंती असलेल्या एका केबिनचे दिवे, संगणक, पंखे आणि छोटा एसी यांचा बराचसा भार त्यावर निघतो. कंटेनर आपला भार कोपऱ्यांवर पेलतो, छताच्या पत्र्यावर नव्हे, त्यामुळे पॅनेलचे रूळ बाजूच्या तुळयांना बांधावेत आणि पत्र्याला भोके पाडू नयेत. वाऱ्याने उचलले जाणार नाहीत अशी बांधणी अभियंत्याकडून तपासून घ्यावी. आज मोकळ्या असलेल्या जागेवर सहा महिन्यांनी उभ्या राहिलेल्या इमारतीची सावली पडेल, हे आराखडा पाहून आधीच ओळखता येते. बांधकामाच्या धुळीने पॅनेलवर थर बसतो. तो नियमाने आणि सकाळच्या गारव्यात पुसावा.

इंधन बदलण्याचा एक मार्ग आहे. वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेले, हायड्रोजन प्रक्रिया केलेले वनस्पती-डिझेल अनेक इंजिनांत फेरफार न करता चालते. मात्र ते इंजिन बनवणाऱ्याच्या मान्यतेनंतरच आणि कच्चा माल कुठून आला याचा दाखला पाहूनच घ्यावे. जंगल तोडून लावलेल्या पामचे तेल त्यात असेल, तर फायद्याऐवजी हानी होते.

या सगळ्याआधी कार्यालयाला यंत्रांपासून वेगळा मीटर बसवावा. वेगळा मीटर नसेल तर कार्यालयाचा वापर क्रेनच्या वापरात हरवतो. आठवड्यातून एकदा रात्री काम थांबल्यावर आणि सकाळी सुरू होण्यापूर्वी असे दोनदा वाचन घेतले की रिकाम्या कार्यालयात नेमके काय चालू राहते ते कळते.

थंडावा, ऊब आणि हवा

पंखा आणि चांगली भिंत यांनी भागत असेल तिथे एसी लावू नये. लावायचाच असेल तर तो इन्व्हर्टर प्रकारचा, खोलीच्या प्रत्यक्ष भारानुसार निवडलेला असावा आणि त्यातील शीतवायूकडे, म्हणजे नळ्यांत फिरून थंडावा आणणाऱ्या वायूकडे, लक्ष द्यावे. आर-४१०ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट तापमानवाढ घडवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन अगदी थोडी. ओझोन थराच्या रक्षणासाठी असलेल्या मॉन्ट्रियल करारात २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीनुसार जगभर हे तीव्र वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. फिरत्या केबिनमध्ये हा मुद्दा जास्त महत्त्वाचा ठरतो, कारण स्प्लिट एसी प्रत्येक स्थलांतरात सोडवला आणि पुन्हा जोडला जातो, आणि प्रत्येक वेळी नळीच्या सांध्यातून वायू निसटण्याची शक्यता असते. एक किलो आर-४१०ए निसटला, तर दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी, म्हणजे जवळजवळ ७८० लिटर डिझेल जाळल्याएवढी हानी होते. म्हणून कारखान्यातच सीलबंद केलेला, एकाच डब्यातील एसी भिंतीत कायमचा बसवणे केबिनसाठी योग्य.

थंड प्रदेशात साध्या विद्युत हीटरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढून आणणारे यंत्र, वापरावा. एक युनिट विजेत तो साधारण तीन युनिट उष्णता देतो. ओले रेनकोट आणि बूट वाळवण्याची खोली हा तिथला मोठा खर्च असतो, कारण हीटर लावून खिडकी उघडी ठेवली जाते. त्या खोलीत हवेतील ओल शोषणारे यंत्र लावून दार बंद ठेवले, तर कपडे कमी विजेत वाळतात.

फटी बुजवल्यानंतर ताज्या हवेची सोय करणे बंधनकारक आहे. वीस फुटी केबिनमध्ये जेमतेम ३३ घनमीटर हवा असते. सहा माणसे बैठकीला बसली आणि सगळे बंद असले, तर दहा-अकरा मिनिटांत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात १००० भागांच्या पुढे जातो आणि अर्ध्या तासात डोके जड होऊ लागते. माणशी सेकंदाला ८ ते १० लिटर ताजी हवा मिळेल असा पंखा बसवावा; बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र बसवता आले तर उत्तम. हवा आत घेण्याचे तोंड जनरेटरच्या आणि वाहनांच्या धुरापासून दूर असावे आणि त्याला धूळ गाळणारी जाळी हवी.

दिव्यांविषयी फार लिहावे लागू नये. सर्व एलईडी, टेबलावर ५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक), मार्गिकांमध्ये आणि स्वच्छतागृहात हालचाल ओळखणारे सेन्सर, एवढे पुरते. सायंकाळी सर्व अनावश्यक प्लग एकाच स्विचने बंद होतील आणि कॅमेरे, फ्रिज व राउटर वेगळ्या सर्किटवर राहतील अशी वायरिंग करून घ्यावी.

पाणी आणि स्वच्छतागृहे

साइटवर पाणी टँकरने येत असेल, तर प्रत्येक लिटरमागे डिझेलही येते. नळांना हवा मिसळणाऱ्या जाळ्या, फ्लशला दोन बटणे आणि हात धुण्याच्या जागी दाबून सोडायचे नळ बसवावेत. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते; म्हणजे एका केबिनच्या छतावरून १० मिलिमीटरच्या सरीत, गळती आणि पहिले गढूळ पाणी सोडूनही, शंभरहून अधिक लिटर हाती येतात. चार केबिनच्या पन्हळी एका टाकीत सोडल्या तर धूळ बसवायला आणि गाड्यांची चाके धुवायला ते वापरता येते. टाकी झाकलेली असावी, डास होऊ देऊ नयेत आणि नळावर 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी सर्वांना कळणाऱ्या भाषांत असावी.

मैलापाणी जवळच्या गटाराला जोडता येत असेल तर तेच करावे. रासायनिक शौचालय नाइलाज असेल तिथेच ठेवावे. पिण्याच्या पाण्यासाठी गाळणी यंत्र आणि प्रत्येकाला स्वतःची बाटली दिली की प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग थांबतो. हे करताना कामगारांच्या सोयी कधीही कमी करू नयेत. पाणी वाचवण्याच्या नावाखाली हात धुण्याच्या जागा घटवणे चुकीचे आहे.

कागद आणि कचरा

साइटवर पर्यावरणाचा विषय निघाला की सर्वांत आधी कागद वाचवण्याची चर्चा होते, कारण कागद डोळ्यांना दिसतो. तो वाचवावाच, पण प्रमाण लक्षात ठेवावे. ए-४ आकाराच्या नेहमीच्या कागदाचे वजन ५ ग्रॅम, ए-१ नकाशाचे ४० ग्रॅम. शंभर नकाशांचा संच सहा यंत्रणांना छापून दिला तर २४ किलो कागद लागतो, आणि सुधारित आवृत्ती आली की तो सगळा रद्द होतो. नकाशे सामायिक ठिकाणी ठेवून मोठ्या पडद्यावर आणि टॅब्लेटवर पाहण्याची व्यवस्था केली, तर कागदापेक्षाही मोठा लाभ होतो: जुन्या नकाशावरून केलेले काम तोडावे लागत नाही, आणि तोडलेल्या काँक्रीटचे उत्सर्जन कुठल्याही कागदाच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त असते.

ओला कचरा, पुठ्ठा-कागद, प्लास्टिक आणि घातक वस्तू, म्हणजे बॅटरी, टोनर व जुने दिवे, यांचे डबे वेगळे ठेवावेत. ते कोण उचलणार आणि कुठे नेणार हे ठरल्याशिवाय डबे मांडू नयेत. वेगळा केलेला कचरा सर्वांसमोर एकाच गाडीत पडला की त्यानंतर कोणी वेगळा करत नाही. फर्निचर वापरलेले घ्यावे आणि नट-बोल्टने सुटणारे घ्यावे.

करारात लिहावे, एका व्यक्तीकडे सोपवावे

वरील गोष्टी इच्छेवर सोडल्या तर पहिल्या उशिराच्या हप्त्यातच मागे पडतात. म्हणून केबिनच्या भिंतीची उष्णतारोधक क्षमता, शीतवायूचा प्रकार, जनरेटरचा किमान भार, वेगळा मीटर आणि दरमहा अहवाल या बाबी निविदेच्या अटींमध्ये याव्यात, आणि उपकंत्राटदारांच्या करारातही त्याच शब्दांत याव्यात. हरितगृह वायूंच्या प्रचलित हिशेबपद्धतीत साइटवर जळालेले डिझेल थेट उत्सर्जनात आणि विकत घेतलेली वीज दुसऱ्या गटात मोजली जाते. दोन्हींच्या पावत्या व वाचने जपून ठेवली तर हा हिशेब वेगळा करावा लागत नाही. ब्रिटनमधील ब्रीअमसारख्या, इमारतीला पर्यावरणाच्या निकषांवर गुण देणाऱ्या मूल्यांकन पद्धतीत बांधकामाच्या काळातील ऊर्जा आणि पाणी यांची नोंद ठेवण्याला गुणही आहेत.

नोंदींची जबाबदारी नावानिशी एकाकडे द्यावी, आणि ती व्यक्ती जनरेटर बंद करण्याचा अधिकार असलेली असावी. दरमहाच्या बैठकीत डिझेल, वीज आणि पाणी यांचे तीन आकडे मागील महिन्याच्या शेजारी मांडावेत. आकडा वाढला तर कारण शोधावे, माणूस नव्हे; बहुतेक वेळा ते अडकलेल्या फ्लशमध्ये, बिघडलेल्या थर्मोस्टॅटमध्ये किंवा कोणी तरी रात्रीसाठी लावून ठेवलेल्या हीटरमध्ये सापडते.

साइट सोडताना

कार्यालय उचलण्याची तारीख काम संपण्याच्या वेळापत्रकात आधीपासून असावी, नाहीतर रिकाम्या केबिन महिनोन्महिने वीज खात उभ्या राहतात. स्प्लिट एसी असेल तर शीतवायू प्रशिक्षित माणसाकडून सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. तो हवेत सोडू नये. जनरेटर आणि डिझेलची टाकी जिथे होती तिथली माती तपासावी, तेल मुरलेली असेल तर ती वेगळी काढून अधिकृत ठिकाणी पाठवावी. टाकीखाली सुरुवातीपासून गळती धरणारे तबक ठेवले असेल तर ही वेळ येत नाही. बाजूला काढलेली सुपीक माती परत पसरावी आणि दबलेली जमीन नांगरून मोकळी करावी.

प्रत्येक केबिनसोबत तिची फाइल जावी: भिंतीचे तपशील, एसीतील वायू आणि त्याचे वजन, सौर पॅनेलची जोडणी, मीटरची महिनावार वाचने आणि झालेल्या दुरुस्त्या. दाराचे फाटलेले रबर, खिडकीची सैल चौकट आणि केबलसाठी पाडलेली नवी भोके या गोष्टी केबिन ट्रकवर चढवण्यापूर्वीच दुरुस्त कराव्यात, कारण पुढच्या साइटवर ती उतरेल त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी कोणाकडेही वेळ नसेल.